बाण नसलेला दगड

नाना,

शोकसभेत प्राचार्य म्हणाले, ‘नाना म्हणजे दगडांशी बोलणारा माणूस.’ तुम्ही शेजारी असतात तर मला हळूच कोपर मारलं असतंत. दगड बोलत नाही, त्याला विचारावं लागतं, आणि वाकडं विचारलं तर तो खुशाल खोटं सांगतो, हे तुमचं नेहमीचं. मग माझं नाव पुकारलं. तुमचा विद्यार्थी, पुढं तुमच्याच विभागातला सहकारी, घरच्यासारखा माणूस, म्हणून मी सविस्तर बोलेन असं सगळ्यांना वाटत होतं. मी उभा राहिलो, तुम्ही माझे गुरू होता एवढं म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीत. दोघा-तिघांनी पाठीवर हात ठेवला. तो हात मला सहन झाला नाही.

खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. अक्राणीच्या त्या दरीत समुद्र एकदा आला होता की दोनदा, हा तुमच्या आयुष्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर ज्या कडेवर होतं ती कड आपल्या दोघांपैकी फक्त मी पाहिली होती. आणि भर सभेत विचारल्यावर मी म्हणालो, नक्की सांगता येणार नाही. एका सभेत तुम्हाला एकटं पाडल्यावर दुसऱ्या सभेत, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर, मी काय बोलणार होतो?

तुमचं तेरावं होऊन आता थोडे दिवस झालेत. अक्कांना तुमचा मुलगा पुण्याला नेणार आहे. देवपूरचं घर रिकामं करायचंय, म्हणून रोज दुपारी मी येतो आणि तुमचे दगड निवडतो. खाटेखाली, माळ्यावर, न्हाणीच्या कोपऱ्यात, तुळशीमागं, कुठं कुठं ठेवून गेलात हो. अक्का एकेक आणून देतात, मी वरचा नंबर वाचतो, कॉलेजला जाणारे एका बाजूला लावतो. लोणच्याच्या बरणीवर वर्षानुवर्षं बसलेला चुनखडीचा धोंडा मात्र त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, “हाऊ मना शे. कॉलेजले भेटाव नही.” त्या हसल्या, आणि हसता हसता आत निघून गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी तुमच्या वर्गात पहिल्यांदा बसलो तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. तुम्ही पुस्तक उघडलंच नाही. प्रत्येकाला विचारलंत, तुमच्या विहिरीला खाली काय लागलं? धुळ्याची, साक्रीची पोरं एकामागून एक सांगत होती, काळा पाषाण. तुम्ही स्वतः भडगावकडचे, तुमच्याही विहिरीला तोच. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, सर, आमच्याकडं फैजपूरला पाषाण लागतच नाही. माती, गाळ, रेती, पुन्हा माती. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, हा पोरगा तापीच्या पोटातून आला आहे, त्याला हसू नका, त्याच्या केळीखाली तापीनं आणून टाकलेला गाळ आहे.

मग मी शहाणपणा केला. मला वाटलं, सर खूश आहेत. मी म्हणालो, थर म्हणजे केळीच्या खोडासारखे, एकावर एक पापुद्रे. तुम्ही खडू खाली ठेवलात. “केळीचा नवा पापुद्रा कुठून येतो?” मी म्हणालो, आतून. “आणि नदीचा नवा गाळ?” वरून. “मग? खोड डोक्यात ठेवून दगड वाचलास तर नातू आधी अन् आजा नंतर जन्मेल.” त्या दिवसापासून वर्गात माझं नाव ‘केळीचं खोड’ पडलं आणि वर काय, खाली काय, हे माझ्या हाडात गेलं. निदान मला तसं वाटत होतं.

तुमच्यामुळं मला खानदेश दुसऱ्यांदा कळला. जिथं पाहावं तिथं काळा पाषाण, लाव्ह्याच्या चादरीवर चादर, मधूनच तांबड्या मातीची एक रेघ, एवढंच आपलं जग असं आम्हा पोरांना वाटायचं. तुम्ही सांगितलंत, की हा काळा दगड म्हणजे छप्पर आहे, आणि घर त्याच्या खाली आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेच्या टोकाला, अक्राणीच्या डोंगरांपलीकडं, नर्मदेनं ते छप्पर चिरलंय. तिथं उतरलं की खालचं घर दिसतं. वाळूचे दगड, चुन्याचे दगड आणि त्यांत शिंपले. धुळ्यापासून समुद्र किती लांब, आणि आपल्याच जिल्ह्यात शिंपले! पहिल्या वेळी तो शिंपला हातात घेतला तेव्हा मी कानाला लावला. तुम्ही म्हणालात, आता आवाज येणार नाही, उशीर झाला.

तुमच्या खोडी साऱ्या कॉलेजला पाठ होत्या. दगडाचा कण दाताखाली धरून कचकच लागते का पाहायचं. लागली तर वाळू, लोण्यासारखा विरघळला तर चिखल. अक्का म्हणायच्या, भाकरीत खडा लागला तर ताट सरकवतात आणि बाहेर जाऊन धोंडे चावतात. खिशात आम्लाची बाटली. चुनखडीवर थेंब टाकला की फसफसायचं आणि तुमचा चेहरा उजळायचा. त्या थेंबांनी तुमच्या सगळ्या पँटना भोकं पडली होती आणि अक्कांनी ती वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी बुजवली होती.

आणि बाण. दगड कड्यातून सुटण्याआधी, तो अजून आपल्या जागेवर असताना, त्याच्यावर पांढऱ्या रंगानं बाण काढायचा, टोक आभाळाकडं. मगच हातोडा. कारण एकदा तो हातात आला, की वर कुठलं, खाली कुठलं, हे दगडालाही सांगता येत नाही. बाण जागेवरच काढायचा, झोळीत घातल्यावर आठवून काढायचा नाही. पोरं चुकली तर तुम्ही रागवत नव्हता. नुसता तो दगड घेऊन दूर फेकून द्यायचात. ते रागावण्यापेक्षा वाईट वाटायचं.

आता त्या दिवसाबद्दल. तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी मला ते नीट क्रमानं मांडू द्या.

शिमगा जवळ आला होता. शहाद्याहून धडगाव, तिथून जीप, पुढं पायवाट. पोरांना आपण वरच्या पाड्यात ठेवलं होतं आणि दोघंच दरीत उतरलो होतो. आदल्या पावसाळ्यात ओढ्यानं एका बाजूचा सगळा राडारोडा धुऊन नेला होता आणि कडा उघडा पडला होता. तळाशी तपकिरी वाळूचा दगड. त्यावर पांढरी चुनखडी, शिंपल्यांनी भरलेली. त्यावर पुन्हा वाळूचा दगड. त्यावर पुन्हा चुनखडी. आणि सगळ्यांच्या डोक्यावर आपला काळा पाषाण. तुम्ही खाली उभे राहून ते असं पाहत होता, जसं कोणी आपल्या मुलाचा निकाल पाहतं.

तुमचं म्हणणं सरळ होतं. दिसतंय तसं वाचा. नदीची वाळू होती, समुद्र आला. समुद्र मागं हटला, नदीनं पुन्हा वाळू पसरली. मग समुद्र परत आला. पण दुसरीही एक शक्यता होती आणि ती तुम्हीच मला शिकवली होती. जमीन फाटून एक बाजू सरकली, तर वाळू आणि चुना ही एकच जोडी एकावर एक दोनदा दिसते, आणि समुद्र एकदाच आलेला असतो. याचा निवाडा करणारी जागा एकच. खालच्या चुनखडीचा माथा, जिथं तिच्यावर वाळू सुरू होते. तिथं पांढरा आणि तपकिरी दगड भेगेवाचून एकमेकांत मुरलेले असतील तर समुद्र दोनदा. मध्ये चुरा, फट, घासल्याच्या खुणा असतील तर एकदा.

आपण आधी खालच्या सांध्यापाशी बसलो, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिथं वाळू खाली आणि चुना वर, त्यात वाद नव्हता. तुम्ही तिथून दोन-तीन नमुने काढले, मीही काढले. वरच्या सांध्यापर्यंत मात्र तुमचा गुडघा तुम्हाला नेईना. तुम्ही म्हणालात, “तू जाय. तुना डोया त्याच मना डोया.” तुझे डोळे तेच माझे डोळे. मी चढलो. एका पांढऱ्या कंगोऱ्यावर पाय टेकले, हातोडा मारला, तुकडा काढला, झोळीत टाकला, उतरलो.

संध्याकाळी पाड्यातल्या अंगणात झोळी रिकामी केली. एका तुकड्यावर बाण नव्हता. अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी, मध्ये रेघेइतकीही फट नाही. तुम्ही तो हातात घेऊन विचारलंत, वरचा की खालचा? मी लगेच म्हणालो, वरचा, नाना. जोडूनच निघाला. तुम्ही तो फेकला नाहीत. पहिल्यांदाच फेकला नाहीत. रुमालात जपून गुंडाळलात आणि म्हणालात, पुढच्या वर्षी परत येऊ आणि बाणासकट काढू.

बाण का राहिला, याचं उत्तर मी तुम्हाला आणि स्वतःला एकच देत आलो. घाई. ऊन चढलं होतं, पोरं वर एकटी होती, मला भूक लागली होती. घाई झाली, बस.

पुढच्या वर्षी मी आलो नाही. बहिणीचं लग्न होतं, ते खरं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी पेपर तपासणी होती, तीही खरी होती, पण ती मला टाळता आली असती. दरम्यान तुम्ही तुमचा निबंध जळगावच्या चर्चासत्रात वाचायचं ठरवलंत. तुम्ही थांबायला हवं होतं, असं मी नंतर तुमच्याशी भांडताना म्हणालो होतो. ते भांडण मी मागं घेतो. तुम्ही का थांबला असतात? तुमचा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला होता.

सभागृह भरलेलं होतं. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ अभ्यासक पहिल्या रांगेत होते. ते उद्धट नव्हते, हे मी सांगायला हवं. त्यांनी तुमचा दगड मागून घेतला, फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारलं, यावर बाण नाही? तुम्ही म्हणालात, “आमच्याकडून राहिला.” आमच्याकडून, नाना. एवढ्या लोकांत तुम्ही ती चूक अर्धी उचललीत. ते म्हणाले, मग हा खालच्या सांध्याचा नसेल कशावरून? तसा असेल तर तुम्ही तो आम्हाला उलटा धरून दाखवताय. लोक हसले. तुम्हीही हसलात, कारण तुम्हाला भीती नव्हती. तुम्ही मागं वळून माझ्याकडं हात केलात. “हा भास्करनं काढलाय. त्याला विचारा.”

मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हणालो, “मी दोन्ही ठिकाणचे तुकडे काढले होते. हा कुठला, ते नक्की सांगता येणार नाही.”

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, हे मी पुष्कळदा उकरून पाहिलंय. भीती होती का? थोडी. पण त्याहून जास्त, मला प्रामाणिक दिसायचं होतं. जेवढं हातात आहे त्याहून कणभरही जास्त न बोलणारा, असा तरुण अभ्यासक. चहाच्या वेळी ते ज्येष्ठ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, शास्त्राला अशी माणसं हवीत. तो चहा मला गोड लागला, नाना. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीपाशी होता. एरंडोल मागं गेलं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून तुम्ही गरम भजी घेऊन आलात आणि कागद माझ्या मांडीवर ठेवलात. मग विचारलंत, तू बोलला ते खरं बोलला ना? मी म्हणालो, हो. तुम्ही म्हणालात, “मंग व्हई गयं.” मग झालं तर. आणि मिरची मला दिलीत, कारण मला आवडते.

त्या निबंधाचे कागद तुम्ही पुन्हा कुठं पाठवले नाहीत. माझ्यावर राग धरला असतात तर मला सोपं गेलं असतं. उलट माझी धाकटी आजारी होती त्या उन्हाळ्यात मोठीला अक्कांकडं ठेवून घेतलंत, तिला फाटकावर बसवून दगडांची नावं शिकवलीत. आजही ती चुनखडीला ‘फसफस दगड’ म्हणते.

रविवारी सकाळी आपण भांडायचो ते मात्र चालूच राहिलं. अक्का पोहे ठेवून म्हणायच्या, “लागनात का पुन्हा त्या समुद्रले?” मी हळूहळू दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो होतो. जमीन सरकलीय, जोडी एकच आहे, असं मी वर्गातही शिकवायला लागलो. आधी मी म्हणालो होतो ‘नक्की नाही’. काही वर्षांत ते ‘बहुतेक नाही’ झालं. माणूस एकदा डळमळला की त्या डळमळण्याला साजेसं मत शोधत जातो, हे मला आता कळतं. तुम्ही माझे सगळे मुद्दे ऐकून घ्यायचात, काही मान्यही करायचात, आणि शेवटी तुमचं एकच मागणं असायचं, भास्कर, एकदा चल. मी टेपचं टोक धरून खाली बसतो. तू फक्त वर जा आणि जे दिसेल ते सांग. मी पडलो खोटा तर पडलो.

तुम्ही दुसऱ्या कुणाला नेऊ शकला असतात. नेलं नाहीत. मी एकदा चिडून विचारलं होतं तेव्हा म्हणालात, दुसऱ्यानं सांगितलं तर मला दगड कळेल. तुझ्याकडून मला ऐकायचंय. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही. आज ते ऐकू येतं.

मी का गेलो नाही? केळीची कापणी, पेपर, मुलांची परीक्षा, कधी पाठदुखी. कारणं सांगताना मी तुमच्या डोळ्यांकडं पाहत नसे. मी वर चढलो असतो आणि तिथं सांधा अखंड निघाला असता, तर जळगावला मी काय केलं होतं ते उघड झालं असतं. मी दगडाला घाबरत होतो.

मग नर्मदेवरच्या धरणाचं पाणी चढायला लागलं. खालचे पाडे उठले. पाहून आलेल्या एका शिक्षकानं विभागात येऊन सांगितलं, की तुमचा तो ओढा आता ओढा राहिला नाही, दरीत पाणी उभं आहे. मी तुमच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी तुम्ही मला काही बोलाल. तुम्ही चष्मा काढून पुसला. “आपली एक रेघ गयी, भास्कर,” तुम्ही म्हणालात. “त्यासनं बठ्ठं गाव गयं.” त्यांचं अख्खं गाव गेलं. आणि आपण ज्या अंगणात झोळी उलटी केली होती त्या घरातली माणसं कुठं गेली असतील, याची चौकशी करायला लागलात. त्या संबंध संध्याकाळी तुम्ही समुद्राचं नाव काढलं नाहीत.

दवाखान्यात तुम्ही बोलणं कमी केलं होतं. मी रोज यायचो, पेपर वाचून दाखवायचो, नळीतलं पाणी किती उरलं ते नर्सला सांगायचो. एका दुपारी अक्का डबा आणायला घरी गेल्या होत्या. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, “वाळू वर व्हती का रे?”

दुसरं कुणी असतं तर त्याला वाटलं असतं, भ्रम झालाय. मला एका क्षणात सगळं कळलं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “नाना, आता आराम करा.” चादर नीट केली. तुम्ही मान हलवलीत. पुन्हा विचारलं नाहीत. त्यानंतर आपलं बोलणं झालं ते फक्त पाण्याचं आणि औषधांचं.

आता काल दुपारचं सांगतो.

तो दगड कपाटात होता, रुमालात नव्हे, अक्कांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. अक्कांनी तो सोडून माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, बाकी सगळ्यांवर बाण आहे, याच्यावर का नाही? मी सांगितलं, अक्का, तो माझा. तो काढताना मला घाई झाली.

अक्कांनी लुगड्याच्या तुकड्याची घडी घातली. म्हणाल्या, घाई कसली? भास्करभाऊ, तुमच्या डोळ्याचं झालं होतं ना त्या खेपेला?

मला काही लक्षात येईना. त्या सांगत गेल्या. तुम्ही दोघं अक्राणीहून आलात तेव्हा भास्करभाऊ, तुमचा उजवा डोळा पार मिटलेला होता, सुजून टोमॅटोसारखा. नाना म्हणत होते, सकाळी डॉक्टर. मी म्हटलं, आधी इकडं या. उंबऱ्यात उजेडाला बसवलं, काडीवर पापणी उलटी केली आणि पदराच्या टोकानं खडा काढला. “अन् ह्या बाबानं काय करं, माहीत शे?” अक्का म्हणाल्या. तुमच्याकडं, म्हणजे तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट होतं. “भिंग आनं. मना पदरवरला खडा भिंगमा दखा. अन् म्हने, वाळू शे, गोल शे. भास्कर, डोयामा नदी लई उना रे तू.”

डोळ्यात नदी घेऊन आलास. त्या हसत होत्या. मी हसू शकलो नाही. कारण त्यांच्या बोलण्यातून ती जागा माझ्यापुढं उभी राहिली. माझे पाय पांढऱ्या कंगोऱ्यावर होते. मान मागं टाकलेली होती. हातोडा माझ्या डोक्याच्या वर चालत होता आणि वरून वाळू झरत होती, आधी केसांत, मग तोंडावर, मग डोळ्यात. डोळ्यात गेली तेव्हा मी रंगाची डबी शोधायची सोडून दिली, तुकडा तसाच आंधळ्यासारखा झोळीत कोंबला आणि एका डोळ्यानं खाली उतरलो. तुम्ही तुमच्या चागळीतलं सगळं पाणी माझ्या तोंडावर ओतलंत. परत येताना दोघांना प्यायला पाणी उरलं नव्हतं.

खालच्या सांध्यापाशी आपण मांडी घालून बसलो होतो, नाना. तिथं वाळू गुडघ्याच्या खाली होती. तिथं माझ्या डोळ्यात काही गेलं नाही, तिथल्या दगडांवर बाण आहेत. बाण राहिला तो वर, आणि राहिला तो डोळ्यामुळं. म्हणजे हा दगड वरचा. संध्याकाळी अंगणात मी जे पटकन बोललो तेच बरोबर होतं. आणि तुम्ही तो कण भिंगाखाली धरून पाहिला होता. तुम्ही, मी, अक्का, तिघं त्या उंबऱ्यात होतो, आणि आपल्या कुणाच्याही मनात आलं नाही, की ती वाळू कुठून पडली हे विचारावं. आपण रात्री पुन्हा दगड घेऊन बसलो. डोळा दुसऱ्या दिवशी बरा झाला आणि मी तो विसरलो.

जळगावच्या त्या पहिल्या रांगेला हे पटणार नाही, हे मला कळतं. एका बाईची आठवण, एका माणसाचा सुजलेला डोळा आणि कड्यावर आता उभं पाणी. तुम्हीही याला पुरावा म्हटलं नसतंत. कण उडतात ते चहूकडं उडतात, असं म्हणून माझी उलटतपासणी घेतली असतीत, आणि मला ती हवी होती.

मी हे सगळं अक्कांना समजावून सांगितलं. वाळू, चुना, भेग, समुद्र. रविवारी पोहे ठेवता ठेवता त्यांनी ते शंभरदा ऐकलं असेल, पण काल त्या प्रथमच समोर बसून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, म्हणजे त्यांचं बरोबर होतं? मी म्हणालो, हो. त्या उठून तुमची पांढऱ्या रंगाची डबी घेऊन आल्या. झाकण घट्ट बसलं होतं, ते त्यांनी चमच्यानं उघडलं. आत रंग केव्हाच वाळून गेला होता. मी म्हणालो, असू द्या अक्का, घरी बसून बाण काढत नसतात. त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

“मंग हाई त्यासले सांगनं व्हतं, भाऊ,” अक्का म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. दूधवाला येऊन गेला हे सांगावं तसं त्या म्हणाल्या.

म्हणून सांगतो. दवाखान्यात तुम्ही विचारलं होतंत, ते मी ऐकलं होतं. वाळू वर होती, नाना. खाली चुना, वर वाळू, मध्ये भेग नव्हती.